मूटों रोथशिल्ड: 1973 ची बढती कर्तबगारीची की वशिल्याची?

खडकवासी
बोर्डोजवळच्या पोइयाकमधली ही द्राक्षमळ्यांची इस्टेट. (फ्रेंच उच्चार जसाच्या तसा लिहिला तर मराठीत भलताच वास येतो, म्हणून 'मूटों'.) इंग्लंडच्या रोथशिल्ड घराण्यातल्या नॅथानिएलने ती 1853 मध्ये 11 लाख 25 हजार फ्रँकला घेतली. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव पाहून वाइनची प्रतवारी लावली, त्यात मूटों दुसऱ्या प्रतीत गेली. 118 वर्षांनी, 1973 मध्ये, ती पहिल्या प्रतीत आली. सही तेव्हाचे शेतीमंत्री जाक शिराक यांची. एवढी बढती दुसऱ्या कोणालाच मिळाली नाही. मालक बँकवाल्या घराण्यातला नसता तर मिळाली असती? ज्याच्या हाती ससा तो पारधी.

गाळीव
अहो, ससा हाती यायला त्या माणसाने पन्नास वर्षं घालवली! रोथशिल्ड घराण्यातल्या बॅरन फिलिपने 1922 मध्ये कारभार घेतला तेव्हा तो 20 वर्षांचा होता. त्याचे वडील आंरी डॉक्टर आणि नाटककार, मळ्याकडे त्यांचं फारसं लक्षच नव्हतं. तोवर बड्या इस्टेटीसुद्धा वाइन पिंपांत भरून बोर्डोच्या व्यापाऱ्यांना देत. पुढची जपणूक आणि बाटलीत भरणं व्यापाऱ्याच्या हाती. त्याने भेसळ केली तर नाव मात्र मळ्याचं जाणार. फिलिपने 1924 पासून सगळी वाइन मळ्यावरच बाटलीबंद करायचं ठरवलं. मग एवढा माल ठेवायचा कुठे? 1926 मध्ये 100 मीटर लांबीचं कोठार उभं राहिलं. याला वशिला म्हणायचं?

खडकवासी
कोठार बांधायला पैसे लागतात, गाळीवराव. माझा मुद्दा तोच आहे. याच मळ्याचा आधीचा मालक बॅरन एक्तोर द ब्रान, द्राक्षशेतीतला मोठा जाणकार. त्याने 1830 मध्ये मळा विकला. त्याची चर्चा आज कोण करतं?

पिंपातला बेडूक
उदाहरण तुमच्यावरच उलटलं. मूटों विकल्यावर ब्रानने दुसरा मळा नावारूपाला आणला, तो आजचा ब्रान-कांतनाक. 1855 मध्ये तोही दुसऱ्या प्रतीतच आहे. बँक नसतानाही जमलं की!

आणखी एक. मेदोकमध्ये, म्हणजे पोइयाक ज्यात येतं त्या वाइन-प्रदेशात, प्रत इस्टेटीच्या नावाला चिकटलेली आहे, जमिनीला नाही. मालक शेजारची जमीन घेऊन जोडू शकतो, प्रत तशीच राहते. म्हणजे मालकाला वजा करून 'नुसती जमीन' मोजायची सोयच त्या यादीत नाही. आणि यादी दगडावरची रेघ नव्हती, 1855 मध्येच कांतमेर्ल ही इस्टेट मागाहून जोडली गेली.

खडकवासी
कांतमेर्ल पाचव्या प्रतीत जोडली, तीही काही महिन्यांत. 118 वर्षांनी नाही. बरं, शेजारची 'लाफीत' ही इस्टेट 1868 पासून रोथशिल्डांच्याच दुसऱ्या शाखेकडे आहे. बढतीला विरोध करणाऱ्यांत तेही होते. घरच्यांनाच पटलं नव्हतं, मी तर परका.

गाळीव
भाऊबंदकीला पुरावा कधीपासून मानायला लागलात? बांधावरून भांडणारे चुलत भाऊ आपल्याकडेही आहेत. आणि पैशाने सगळं झालं म्हणता, तर दुसऱ्या महायुद्धाचं बघा. मळा जप्त झाला. फिलिप पळून द गोलच्या फौजेत गेला. त्याची बायको एलिझाबेथ 1945 मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छावणीत मेली. परत येऊन त्याने त्या वर्षीच्या लेबलवर विजयाचा 'व्ही' काढून घेतला, आणि तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी नव्या चित्रकाराचं चित्र.

खडकवासी
त्या दुःखाबद्दल माझा वाद नाही. पण लेबल सुंदर म्हणून वाइन पहिल्या प्रतीची होते का?

पिंपातला बेडूक
होत नाही. पण मूटोंचा भाव 1973 च्या कितीतरी आधीच पहिल्या प्रतीच्या बरोबरीने जात होता, आणि 1855 ची कसोटी भावाचीच होती. तुमचीच कसोटी लावली तर सरकारने उशीर केला.

खडकवासी
हा मुद्दा चांगला आहे. तरी शिराकची सही मला खटकतेच.

गाळीव
खटकू द्या. जाता जाता: 2009 च्या लेबलवर मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं चित्र आहे. चित्रकारांना मानधन पैशात नाही, वाइनच्या पेट्यांत मिळतं.