रविवार सोडून बेत आखा
बडोद्याहून निघून शनिवारी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला पोहोचायचं आणि रविवारी तिथल्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर खेळायचं, असा तुमचा बेत ठरतोय. तसं नका करू! रविवारी तिथं खेळ बंद; गावकरी कुत्री घेऊन फिरतात. तुम्हीही फिरून या, अठराव्या होलवरच्या (खेळाच्या शेवटच्या टप्प्यातल्या) स्विल्कन पुलावर निवांत फोटो मिळेल. खेळायची वेळ आगाऊ मिळाली नसेल तर खेळायच्या दोन दिवस आधी निघणाऱ्या सोडतीत नाव घाला. रेल्वे जवळच्या ल्यूकर्स स्टेशनपर्यंतच, पुढे सेंट अँड्र्यूजला बस.

खरी तयारी वाऱ्याची. बडोद्याला लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या मैदानावर आपल्याला झाडांचा आडोसा असतो. सेंट अँड्र्यूजला उघड्यावर समुद्राचं वारं उंच चेंडू कुठल्या कुठे नेतं. जमीन टणक, त्यामुळे चेंडू उंच न मारता जमिनीवरून घरंगळत ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) न्यायचा सराव आत्तापासूनच करा. ग्रीनच्या बाहेरूनही बिनधास्त पटर (चेंडू घरंगळवायची काठी) वापरा.