आयुर्वेदातलं एमडी-एमएस खरंच वाया जातं का?

शल्यतंत्र_सोलापूर
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं: 'बीएएमएसनंतर एमडी-एमएस म्हणजे तीन वर्षं वाया. जुन्या श्लोकांवर नवे प्रबंध. सगळ्यांना अॅलोपॅथीची मुभा देणारा छोटा ब्रिज कोर्स द्या आणि पीजीच्या जागा बंद करा.' मी शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेत, एमएस केलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

भगंदराचं (गुदाजवळच्या नासुराचं) क्षारसूत्र घ्या, म्हणजे औषधाचे थर दिलेला दोरा. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी तुलना करणारी बहुकेंद्री चाचणी घेतली, 1991 साली ती प्रसिद्ध झाली. जखम भरायला क्षारसूत्राला 8 आठवडे लागले, शस्त्रक्रियेला 4. पण भगंदर पुन्हा उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के, शस्त्रक्रियेत 11.

हा दोरा हाताने बनवायला मी पीजीलाच शिकलो. बीएएमएसला नुसतं वर्णन लिहून मार्क मिळवले होते. 20 नंबरच्या दोऱ्यावर आधी स्नुहीच्या (निवडुंगाच्या) चिकाचे 11 थर, मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे 7, शेवटी चीक आणि हळदीचे 3. आधीचा थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. चीक डोळ्यात उडाला तर भयंकर आग होते. पावसाळी हवेत क्षाराला ओल सुटते आणि सगळी मेहनत फुकट जाते. वॉर्डात शेजारी सर उभे असताना हे शिकायचं असतं. ब्रिज कोर्समध्ये हे कोण शिकवणार?

पुराव्यानिशी
क्षारसूत्र मान्य, त्यावर वाद नाही. पण दर वेळी क्षारसूत्रच का पुढे येतं? 1991 नंतर देशभरात हजारो प्रबंध झाले असतील. त्यातून त्या तोलाचं दुसरं नाव सांगा. मी एमबीबीएस, बहीण आयुर्वेदात एमडी. तिच्या बॅचचे प्रबंध मी चाळलेत. या गटात 30 रुग्ण, त्या गटात 30, ब्लाइंडिंग (कुणाला कोणतं औषध दिलंय हे लपवणं) नाही, आणि निष्कर्ष ठरलेला, 'लक्षणीय उपशय', म्हणजे चांगला आराम पडला. एकाही प्रबंधात औषध निष्फळ ठरलं नाही, हे कसं?

आणि हे फक्त आमचंच म्हणणं नाही. बनारस हिंदू विद्यापीठात क्रियाशारीर (आयुर्वेदातलं शरीरक्रियाशास्त्र) शिकवणाऱ्या किशोर पटवर्धनांनी 2022 मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये स्वतःच्या नावानिशी लिहिलंय, की ग्रंथातलं शरीरक्रियेचं वर्णन आजच्या विज्ञानाशी ओढूनताणून जुळवत आपण शिकवत आलो.

निवृत्त_गाइड
ब्लाइंडिंगचं ऐकून कान किटले. वमनाचं, म्हणजे औषधाने ओकारी काढण्याचं, प्लॅसिबो (खोटा उपचार) कसं करायचं ते एकदा सांगा. बस्ती (औषधी एनिमा) दिलाय की नाही, हे पेशंटला कळणार नाही का? काढ्याची कडू चव कुठे लपवाल? गोळीसाठी बनवलेली फूटपट्टी पंचकर्माला लावायची आणि मग 'पुरावा नाही' म्हणून ओरडायचं, हा अन्याय आहे.

पुराव्यानिशी
सर, पेशंटला कळू दे. गुडघा किती वाकतो हे मोजणाऱ्याला तर कळायला नको ना, की कुणाला बस्ती दिला आणि कुणाला नाही? तुमच्याकडे औषध देणारा, मोजणारा आणि प्रबंध लिहिणारा एकच विद्यार्थी असतो. शस्त्रक्रियेच्या चाचण्यांतही रुग्णापासून लपवणं अवघड असतं, म्हणून तिथे मोजणारा वेगळा ठेवतात.

निवृत्त_गाइड
मोजणारा वेगळा ठेवता येईल, एवढं मान्य. माणसं द्या, मग ठेवू. एका गाइडवर किती कामं लादतात ते बघा आधी.

नाइट_ड्यूटी
प्रबंधावरून कसले भांडताय? मी कायचिकित्सेत (आयुर्वेदातल्या मेडिसिनमध्ये) एमडी. एका खासगी हॉस्पिटलात रात्रपाळीचा आरएमओ (निवासी डॉक्टर) आहे. आयसीयूत सलाइन, इन्सुलिन, नॉरअॅड्रेनलिन सगळं मी बघतो, फाइलवर सही कन्सल्टंटची. पगार एमबीबीएसच्या निम्म्याहून कमी. चरक फक्त व्हायवाला लागला.

पुराव्यानिशी
मग सांगा, ही मिक्सोपॅथी, म्हणजे दोन पॅथींची भेसळ, नाही तर काय? 2020 मध्ये सीसीआयएम या आयुर्वेदाच्या तेव्हाच्या केंद्रीय परिषदेने शल्य आणि शालाक्य (डोळे-कान-नाक-घसा) या विषयांच्या पीजींना 58 शस्त्रक्रियांची यादी दिली, त्याविरुद्ध 11 डिसेंबरला अॅलोपॅथी डॉक्टरांच्या आयएमए संघटनेने बंद पाळला, तेव्हा आम्हाला स्वार्थी म्हणालात. सुप्रीम कोर्टानेही 2023 मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितलं, की एमबीबीएस आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांचं काम सारखं नाही, म्हणून वेतनही सारखं मागता येणार नाही.

नाइट_ड्यूटी
काम सारखं नाही? या आमच्या आयसीयूत पहाटे तीनला! तुमचेच लोक आम्हाला स्वस्तात ठेवतात आणि सकाळी उठून मिक्सोपॅथीवर भाषण देतात. होमिओपॅथीवाल्यांना आधुनिक औषधांच्या एक वर्षाच्या सीसीएमपी कोर्सवर अॅलोपॅथीची मुभा आणि आम्ही मात्र बोगस?

औसा_लातूर
माझ्या वडलांना शेतात साप चावला. पीएचसीत त्या रात्री बीएएमएस डॉक्टरच होत्या. अँटिव्हेनम त्यांनीच सुरू केलं, अॅम्ब्युलन्समध्ये शेजारी बसून जिल्ह्यापर्यंत त्याच आल्या. वडील आज हिंडतेफिरते आहेत. एमबीबीएसची जागा तिथे कायम रिकामी. मिक्सोपॅथी म्हणणाऱ्यांनी आधी गावात येऊन राहावं.

पुराव्यानिशी
त्या डॉक्टरांना मनापासून नमस्कार. पण त्यांनी वडील वाचवले ते अँटिव्हेनमने. म्हणजे त्यांना आपत्कालीन उपचारांचं रीतसर प्रशिक्षण हवं, आयुर्वेदातलं एमडी नव्हे. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

औसा_लातूर
बाजू कसली मोजताय? माझा बाप होता तो!

शल्यतंत्र_सोलापूर
धागा पीजीचा आहे, पगाराचा आणि सापाचा नाही. 'नाइट_ड्यूटी', तुमचा संताप रास्त आहे, पण तुमच्या हॉस्पिटलात चरक लागत नाही याचा दोष चरकाला का? ज्या कॉलेजात तपासणीच्या आदल्या दिवशी गावातून माणसं आणून आयपीडीच्या (भरती विभागाच्या) खाटांवर झोपवतात, तिथे तीन वर्षं वाया जाणारच. असं कॉलेज मी बघितलंय. ते बंद करा, मी मोर्चात पुढे असेन. पण त्याच्या पापापायी जिथे रोज भगंदराचे पेशंट रांगेत बसतात तिथल्या जागा का घालवायच्या?

यंदाची_बॅच
एआयएपीजीईटीत (पीजीच्या प्रवेशपरीक्षेत) बरे मार्क आहेत. द्रव्यगुण (औषधी वनस्पतींचं शास्त्र) की कायचिकित्सा? घरचे म्हणतात, दोन्ही सोड आणि क्लिनिक टाक.

निवृत्त_गाइड
आधी कॉलेजात जा. सकाळी दहाला ओपीडीत बस आणि केसपेपर मोज. मग लायब्ररीत मागच्या पाच वर्षांचे प्रबंध माग. द्रव्यगुणाला जाणार असशील तर वनस्पतीचा नमुना कुणी ओळखून दिला, हे प्रबंधात आहे का बघ. गुळवेल म्हणून बाजारात काय काय विकतात ते मी बघितलंय.

पुराव्यानिशी
आणि औषध निष्फळ ठरल्याचं लिहिलेला एक तरी प्रबंध तिथे सापडतो का बघ. सापडला तर बिनधास्त अॅडमिशन घे, हे मी म्हणतोय.

निवृत्त_गाइड
माझ्या हाताखाली असे दोन झाले. एकाला परीक्षकाने तासभर छळलं, तरी मी निष्कर्ष बदलू दिला नाही.

पुराव्यानिशी
मग ते छापले का नाहीत, सर?