फर्स्ट एडर (प्रथमोपचार करणारे) किती लागतात? 295 कामगार, तीन पाळ्या

प्रेसशॉप_चाकण
शीट मेटलचं युनिट. फिरत्या पाळीचे तीन ग्रुप, प्रत्येकी 70, जनरलला (न फिरणारी दिवसाची पाळी) 85. कंत्राटी धरून एकूण 295. एका शेडमध्ये पॉवर प्रेस, दुसऱ्यात प्लेटिंग (ॲसिड वापरून धातूवर मुलामा), मध्ये 120 मीटर अंतर. एचआर म्हणतं, 150 ला एक, म्हणजे दोघांना ट्रेनिंग दिलं की झालं. बरोबर आहे का?

नियमावली
नाही. 150 हा आकडा कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 45 मधला. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तिथेही तो आकडा प्रथमोपचार पेट्यांचा होता, तोही एका वेळी कामावर असणाऱ्यांवर. पहिली पाळी अधिक जनरल म्हणजे 155, म्हणून त्या हिशेबाने पेट्या 2. पण त्याच कलमात प्रत्येक पेटीला वेगळा, प्रमाणपत्र असलेला माणूस हवा होता आणि तो कामाच्या पूर्ण वेळात हाताशी हवा होता. रात्री अडीचलाही. तुमचे दोघं जनरलचे निघाले तर साडेपाचनंतर फक्त पेट्याच उरतात.

तिसरी_पाळी
आधी हजर किती हवेत ते ठरवा, मग रजा धरा. दोन शेड, म्हणजे दर पाळीला किमान 2. सीपीआरलाही (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) दोघं लागतातच: मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंमी खोल. दोन मिनिटांत दाब उथळ होऊ लागतो, हात बदलावेच लागतात.

आता समजा, प्रत्येक जण 100 पैकी 15 पाळ्या गैरहजर. ग्रुपमध्ये 2 च प्रशिक्षित असतील तर दोघंही हजर अशा पाळ्या 72. तीन असतील तर किमान दोघं हजर अशा 94. म्हणून 3 ग्रुप × 3 = 9, जनरलचे 2, एकूण 11. फक्त तिघंही कोकणातले निवडू नका, गणपतीत हा हिशेब कोसळतो!

प्रेसशॉप_चाकण
वॉचमन धरले तर चालतील? ते चोवीस तास असतात.

नियमावली
मोजणीत नको. 108 रुग्णवाहिका आली की गेट उघडून वाट दाखवायला तोच लागतो. एकट्याने चालवायच्या मशीनवरचा ऑपरेटरही टाळा. प्रत्येक ग्रुपमधला एक तरी प्लेटिंगचाच हवा. ॲसिड डोळ्यात गेलं तर धुणं त्याच क्षणी सुरू व्हायला हवं आणि निदान 15 मिनिटं चालायला हवं. दुसऱ्या शेडमधून माणूस येईपर्यंत थांबता येत नाही.

तिसरी_पाळी
प्रेसवाल्यांकडून तुटलेल्या बोटाचा सराव करून घ्या. ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लास्टिक पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात. बोट थेट बर्फावर ठेवलं की पेशी गोठून मरतात, मग जोडणं अवघड. घाईत नेमकं हेच होतं.

आणि 11 जणांना एकाच बॅचला बसवू नका. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्थेचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र 3 वर्षांचं असतं, सगळ्यांची मुदत एकाच महिन्यात संपेल. पेटीवरची नावं ग्रुपप्रमाणे लावा. कोणाचा ग्रुप बदलला की त्याच दिवशी यादीही बदला.