कनूने एक रात्र मुक्काम: बाबांना नीट झोप लागेल असं सामान कसं भरू?

लाटरेघ:
नमस्कार. पुढच्या महिन्यात मी आणि बाबा कनूने, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद, उघड्या होडीने, नदीतून जाणार आहोत. पहिल्या दिवशी साधारण चार तास वल्हवायचं, काठावर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी तीन तास. पाणी संथ आहे. मध्ये एका बंधाऱ्यापाशी मात्र कनू आणि सामान उचलून दोनशे मीटर चालावं लागेल.

मला पाठीवर सॅक घेऊन डोंगर चढायची सवय आहे, त्यामुळे ग्रॅम-ग्रॅम मोजून भरलेलं सामान तयार आहे: दोन माणसांचा तंबू, फोमची पातळ मॅट, पिसांची स्लीपिंग बॅग, साठ लिटरची सॅक आणि तिचं पावसाळी कव्हर. पण बाबा ६४ वर्षांचे आहेत आणि त्यांची कंबर धरते. जमिनीवर झोपले की सकाळी कूस बदलायलाही त्रास होतो. ही सहल त्यांनीच ठरवली आहे, खूप उत्साहात आहेत. ती रात्र त्यांना जड जाऊ नये एवढंच वाटतं. आहे तेच सामान चालेल की काही बदलू?

काठावरची:
मॅट आधी बदला. आणि खुर्ची न्याच. बुटकी कॅम्पिंगची खुर्ची नको, तिच्यातून उठताना कंबरेवर सगळा भार येतो. घरातल्या खुर्चीच्या उंचीची, घडीची घ्या. लाइफ जॅकेट सामानात धरू नका, ते दोघांच्या अंगावरच हवं, बंद लावलेलं.

संथवाही:
मी बारा वर्षं कनूने फिरतोय, त्यातली निम्मी वर्षं आईसोबत. तिचे गुडघे गेलेत, म्हणून तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो.

आधी सॅकबद्दल. पहिल्या सहलीला मीही ट्रेकची सॅक कव्हर घालून नेली होती. कव्हर वरून पडणारं पाणी अडवतं, पण कनूत पाणी खालून येतं. वल्ह्यावरून ओघळतं, चढता-उतरताना बुटांतून येतं, आणि तासाभरात तळाशी दोन बोटं पाणी साचतं. माझी सॅक दिवसभर त्यातच उभी होती. संध्याकाळी स्लीपिंग बॅग काढली तर पायाकडचा अर्धा भाग चिंब, आतली पिसं गोळा होऊन लिंबाएवढ्या गाठी झालेल्या. पिसं ओली झाली की त्यांची ऊब जाते, आणि ती काठावर एका रात्रीत वाळत नाहीत. ती रात्र मी रेनकोट घालून बसून काढली. तुमच्या बाबांवर ही वेळ येऊ देऊ नका.

म्हणून झोपेचं सगळं सामान ड्राय बॅगेत, म्हणजे गुंडाळून बंद करायच्या तोंडाच्या जलरोधक पिशवीत भरा. हवा दाबून काढा, तोंडाची पट्टी किमान तीनदा घट्ट गुंडाळा आणि मग क्लिप लावा. बॅग गळते का ते घरीच बघता येतं: हवा भरून बंद करा, कानाशी धरून दाबा. बारीक फुसफुस ऐकू आली तर ती बॅग भांड्यांना ठेवा, अंथरुणाला नको. पिसांची बॅग न्यायचीच असेल तर आत आणखी एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला. कृत्रिम तंतूंची मिळाली तर मी तीच घेईन. जागा जास्त घेते, पण ओली झाली तरी थोडीफार ऊब देते.

आता कंबर. डोंगरावर जे वजन परवडत नाही ते कनूत परवडतं, म्हणून बाबांसाठी घडीची खाट न्या. खाटेवरून पाय खाली सोडून उठता येतं. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर यावं लागतं, आणि कंबर नेमकी तिथे अडते. पण नुसती खाट नको. खालून हवा खेळते आणि पाठ गार पडते, त्यामुळे खाटेवर तुमची फोमची मॅट घाला. तंबूची आतली रुंदी आणि लांबी टेपने मोजा. दोन माणसांच्या तंबूत एक खाट आणि शेजारी एक मॅट कशीबशी बसते. खाटेच्या पायांखाली चटईचे तुकडे ठेवा, नाहीतर तंबूचा तळ फाटतो.

खाट बसली नाही तर आठ-दहा सेंटिमीटर जाडीची हवेची मॅट घ्या आणि तिच्याखाली फोमची. मॅटवर आर-व्हॅल्यू छापलेली असते. तो आकडा जितका मोठा तितकी जमिनीची गारठ कमी लागते, आणि दोन मॅट एकावर एक घातल्या की आकड्यांची बेरीज होते. हवा दगडासारखी टम्म भरू नका. बाबांना कुशीवर झोपवा आणि कमरेचं हाड थोडं रुतेपर्यंत हवा सोडा. बरेच लोक हे करत नाहीत आणि सकाळी मॅटला दोष देतात.

बाबांची कंबर रात्रीच्याही आधी दुखेल, कनूतच. बाकाला पाठ नसते. पट्ट्यांनी बाकाला बसणारी पाठ मिळते, ती लावा, आणि दर तासाला काठाला लागून दहा मिनिटं चाला.

झोपायचे कपडे वेगळे ठेवा: एक जोड, एक जोडी मोजे. दिवसा कितीही भिजलात तरी त्यांना हात लावायचा नाही. सकाळी पुन्हा ओले कपडे चढवायला जिवावर येतं, पण चढवायचेच.

बाबांच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत अर्ध्या-अर्ध्या ठेवा.

काठावरची:
खाटेचं मला सुचलं नव्हतं. एक भर घालते: जड वस्तू तळाशी आणि मध्यभागी. कनूच्या कडेच्या वर काही येऊ देऊ नका, वारा धरतो. वजनाची मर्यादा बघताना तुम्ही दोघं आणि पिण्याचं पाणीही धरा.

वळणवाट:
सामान कनूला दोराने बांधून ठेवतात, पण माझं मत वेगळं आहे. मी बॅगा मोकळ्या ठेवतो. कनू कलंडली तर हवा असलेली ड्राय बॅग तरंगते, नंतर गोळा करता येते.

संथवाही:
उथळ, संथ पाण्यात चालेल. पण बाबा सोबत असताना ते स्वतः काठाला लागणं महत्त्वाचं, बॅगांमागे कुणी पोहत जायला नको. मी बांधतो, मात्र दोर ताणून. ढिला, लोंबता दोर पायात अडकू शकतो, तेवढं टाळा. बंधाऱ्यासाठी सगळं तीन बॅगांत बसवा आणि हातात सुटं काही ठेवू नका. बाबांनी वल्ही आणि उशी घ्यावी, जड ओझी तुम्ही दोन खेपांत न्या. रात्री कनू पाण्यापासून बरीच वर ओढून पालथी घाला आणि झाडाला बांधा. वरच्या अंगाला पाऊस झाला किंवा पाणी सोडलं तर रात्रीत पातळी चढते, तेव्हा तंबूही उंचावरच लावा.

लाटरेघ:
सर्वांचे मनापासून आभार. टेप लावला: खाट लांबीला बसते, पण मग माझ्या मॅटला जेमतेम पन्नास सेंटिमीटर उरतात. तीन माणसांचा तंबू मित्राकडून आणतोय. फुसफुस ऐकून एक ड्राय बॅग बाजूला काढली, आता तिच्यात पातेली जातील. काल बाबा खाटेवर फोमची मॅट घालून हॉलमध्ये झोपले. सकाळी मी उठलो तेव्हा ते आधीच उठून बाकाच्या पाठीच्या पट्ट्या लावून बघत होते.