अनुभव धागा : ‘जाडी झालीय’ म्हणता म्हणता मांजर गाभण निघाली!

महिनाभर घरात एकच वाद चालला होता : सुंठीला चोरून जास्त खायला कोण घालतंय? नवरा माझ्यावर आळ घेई, मी सासूबाईंवर. काल डॉक्टरांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले. पोटात चार पिल्लं आहेत.

सुंठी जेमतेम आठ महिन्यांची आहे. मध्यंतरी रात्रभर ओरडायची, फरशीवर लोळायची, तेव्हा आम्ही पोट दुखत असेल म्हणून ओवा शोधत होतो. ती माजावर आली होती, आणि गॅलरीतून दोनदा पसारही झाली. मांजर चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते, हे आत्ता कळलं. गाभणपणाचे दिवस साधारण ६३ ते ६५. हिशेब केला तर हातात जेमतेम दोन आठवडे उरलेत. (नसबंदीचं ऑपरेशन ‘पुढच्या महिन्यात करू’ असं दोनदा म्हणणारी मीच.)

कर्वेनगरात दोन खोल्यांचं घर, सगळे नवखे. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत? फसलेले प्रयोगही सांगा, आणि उत्तराच्या वर पुण्यातला आपला भाग लिहा.

सदाशिव पेठ

खोकं तुम्ही तयार कराल, जागा ती ठरवेल. आम्ही हापूसच्या रिकाम्या पेटीत जुनी सुती साडी घडी करून घातली, कोपऱ्यात अंधार केला, अगदी माहेरपणाला आल्यासारखी तयारी. बाईसाहेब व्यायल्या कपाटात, माझ्या लग्नातल्या पैठणीवर. तेव्हा शेवटच्या आठवड्यात कपाटं बंद ठेवा आणि खोकी एक नको, तीन ठेवा. आत लोकर किंवा टर्किशचा टॉवेल नको, पिल्लांच्या नख्या अडकतात.

मग आख्खा वाडा बारशाला आल्यासारखा बघायला आला. तिसऱ्या दिवशी तिनं सगळी माळ्यावर हलवली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आई म्हणायची. आमचीनं एवढ्याशा घरात पाच दाखवली! चूक आमचीच, पाहुणे बंद केल्यावर स्थिरावली.

वारजे

मी रात्रीचं सांगतो, कारण होतं ते रात्रीच. शेवटच्या दिवसांत रोज ताप मोजत होतो. एरवी १०१-१०२ फॅरनहाइट असायचा, तो १००च्या खाली उतरला आणि तिनं जेवण सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता दिवसभरात होईल. रात्री अकराला कळा, पाऊण तासात पहिलं पिल्लू. तिनं पिशवी फोडली, नाळ तोडली, वारही (प्लासेंटा) खाऊन टाकली. बायको बघून आत निघून गेली, पण हे असंच असतं, घाबरू नका. पडलेल्या वारा मात्र मोजा, पिल्लागणिक एक वार.

दुसरंही झालं. तिसऱ्याला ती अर्धा तास जोर करत राहिली आणि काहीच नाही. वीस-तीस मिनिटं जोराच्या कळा येऊन पिल्लू येत नसेल तर वाट बघायची नाही, हे आधीच विचारून ठेवलं होतं. रात्री उघडा असणारा दवाखानाही शोधून ठेवला होता. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट स्राव दिसला तरी पळायचं. टोपलीत मांजर, कुशीत दोन पिल्लं, रिक्षा. पौड रोडवरच्या एका स्पीडब्रेकरनं डॉक्टरांचं काम केलं, तिसरं टोपलीतच झालं. रिक्षावाल्यानं डोकावून ‘झालं का?’ विचारलं आणि रात्रीचा जादा आकार घेतलाच. तरीही तसेच दवाखान्यात गेलो, आत अजून एक होतं.

कसबा

गाईचं दूध पाजू नका. आमच्या मनीला पान्हा कमी होता, मी वाटीनं गाईचं पाजलं, जुलाब होऊन दोन गेली. ते अजून आठवतं. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर दवाखान्यात मिळते, ती आधीच घरात ठेवा. पाजताना पिल्लू पालथंच धरायचं, आपल्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुफ्फुसात जातं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. आणि आई चाटत नसेल तर पाजल्यावर ओल्या कापसानं खालून पुसायचं, त्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही.

मी रव्याच्या काट्यावर रोज वजन करायचे. जन्मतः शंभर ग्रॅमच्या आसपास, मग दिवसाला दहा-पंधरा वाढायला हवं. ज्याचं वाढत नाही त्याच्याकडे लक्ष.

डेक्कन

मी पिल्लं होऊच दिली नाहीत. गाभण राहून थोडेच दिवस झाले होते, डॉक्टरांनी तपासून गाभण असतानाच ऑपरेशन केलं. भाड्याच्या खोलीत चार मुली, घरमालक आधीच नाराज, पिल्लं द्यायची कुणाला? अजून कुणी ‘पाप’ म्हणालं की मी विचारते, तुम्ही एक नेणार होतात का?

सिंहगड रोड

व्याल्यावर निश्चिंत होऊ नका. आमची पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा माजावर आली, दोन महिन्यांत दुसरी वेळ! दूध तोडल्यावर कधी ऑपरेशन करायचं ते आत्ताच विचारा, तोवर गॅलरीला जाळी. एकाच वेतात दोन बोक्यांची पिल्लं असू शकतात, तेव्हा सोसायटीतल्या एकट्या घाऱ्या बोक्याला दोष देऊ नका. पिल्लं आठ आठवड्यांच्या आत देऊ नका. भगवी लगेच जातात. आमची काळी राहिली, ती अजून आमच्याकडेच आहे.

धागाकर्ती, कर्वेनगर

सुंठी परवा पहाटे व्याली. तीन खोकी रिकामी, वॉशिंग मशिनच्या मागे बाळंतपण. पिल्लं तीन. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर चुकले असतील. पण एक्स-रेत चार डोकी मीही मोजली होती, म्हणून नवऱ्यानं मशिन ओढलं. चौथं पाइपशी पडलं होतं, गार, हलत नव्हतं. दूध पाजायला धावणाऱ्या सासूबाईंना थांबवलं, सुती कापडात गुंडाळून पोटाशी धरलं. वीसेक मिनिटांनी ते ओरडलं. मग सुंठीजवळ ठेवलं, तिनं चाटून जवळ ओढलं. आज सकाळी काट्यावर ९६ भरलं, काल ८८ होतं.