साठ सेंटिमीटरच्या टाकीत वेगळे, पण शांत मासे कोणते ठेवावेत?

धागाकर्ता

माझ्याकडे ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३५ सेंमी उंच अशी टाकी आहे. हिशेबाने ती ६३ लिटरची भरते, परंतु वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी पन्नास लिटरच्या आसपास राहते. दीड वर्ष मी गप्पी पाळले. पिल्ले आवरेनाशी झाल्यावर माद्या एका मित्राला दिल्या. आता सहा नर उरले आहेत. त्यांच्या जोडीला सहसा कोणाकडे न दिसणारा, पण भांडखोर नसलेला मासा आणावा, अशी इच्छा आहे. एलिफंटनोज, पी पफर आणि क्लाउन लोच हे तीन मासे मनात आहेत. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असते आणि मी दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलतो. ज्यांनी हे मासे प्रत्यक्ष सांभाळले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तिन्ही नावे खोडावीत, असे स्पष्टच सांगतो.

एलिफंटनोज हा आफ्रिकेतला मासा वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. ज्याला आपण सोंड म्हणतो तो खरे तर त्याच्या खालच्या जबड्याचा पुढे आलेला भाग असतो. स्वतःभोवती सौम्य विद्युतक्षेत्र निर्माण करून, त्यात होणारे बदल टिपत तो अंधारात वाळूतले किडे शोधतो. मासा विलक्षण आहे यात शंका नाही, पण तो दिवसा लपून बसतो आणि सावकाश खातो, त्यामुळे तुमचे सहा गप्पी त्याच्या वाट्याला काही उरू देणार नाहीत. पी पफर केरळच्या नद्यांमधला, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. दिसायला गोजिरवाणा, परंतु गप्पींच्या शेपट्या तो कुरतडल्याशिवाय राहणार नाही. क्लाउन लोच विकत आणताना बोटाएवढा असतो, पुढे तीस सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो आणि वीस वर्षांहून अधिक जगतो. तुमच्या टाकीत त्याला वळायलाही जागा उरणार नाही.

माझी शिफारस कूली लोच ही आहे. आठ-दहा सेंटिमीटरचा, पिवळसर अंगावर तपकिरी पट्टे असलेला, गांडुळासारखा वळवळणारा हा मासा कोणाच्या वाटेला जात नाही. किमान सहा आणावेत आणि तळाला खडीऐवजी बारीक वाळू घालावी, कारण त्याला तोंडाने वाळू चाळायची आणि तिच्यात शिरायची सवय असते. फिल्टरच्या तोंडाला मात्र स्पंज किंवा जाळी हवीच. माझ्या सहांपैकी दोन दिसेनासे झाले, तेव्हा मी ते मेले असे धरून चाललो होतो. सव्वा महिन्याने फिल्टरचा डबा उघडला, तर तळच्या गाळात दोघेही एकमेकांत गुंतून बसलेले, आणि टाकीतल्या चौघांपेक्षा अंगाने भरलेले!

प्रतिसाद २

कूलीबद्दल सहमत आहे, परंतु दिवसा टाकी रिकामीच दिसते ही तक्रार तुम्ही महिन्याभरात कराल. वरच्या पाण्यासाठी स्पार्कलिंग गुरामीचा विचार करावा. जास्तीत जास्त चार सेंटिमीटर लांबीच्या या माशाच्या अंगावर निळे ठिपके आणि डोळ्यांत निळी चमक असते. पण त्याचे खरे वेगळेपण आवाजात आहे. पुढच्या परांचे स्नायुबंध ताणून सोडत तो टरटर असा आवाज काढतो, आणि रात्री पंखा बंद असेल तर तो खोलीत ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पंपात बिघाड झाला असे समजून प्लग काढला, तरी आवाज चालूच!

नर आपापसांत थोडी कुरबुर करतात, म्हणून दाट वनस्पती, पृष्ठभागावर तरंगणारी पाने आणि संथ पाणी हवे. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, त्यामुळे झाकणाखाली दोन बोटे जागा सोडावी. पाचपेक्षा जास्त आणू नयेत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पारदर्शक ग्लास कॅटफिश कसा वाटतो? एक जोडी आणून पाहावी का?

प्रतिसाद ३

जोडी मुळीच आणू नये. मी तीच चूक केली होती. दोघे फिल्टरमागे चिकटून राहिले, खाद्याकडे फिरकले नाहीत, आणि आठ दिवसांत एक मेला. मेल्यावर त्याचे काचेसारखे अंग दुधासारखे पांढरे झाले, ते अजून डोळ्यांसमोर आहे. नंतर मोठ्या टाकीत आठ आणले, तेव्हा तेच मासे उघड्यावर, प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी किंचित खाली ठेवून एका रांगेत तरंगू लागले. डोक्यामागे चंदेरी पिशवीत सगळे अवयव आणि पुढे नुसता पाठीचा कणा, असे त्यांचे रूप असते. बाजारात हा थायलंडचा मासा वर्षानुवर्षे दुसऱ्याच प्रजातीच्या नावाने विकला गेला. त्याला स्वतःचे शास्त्रीय नाव २०१३ मध्ये मिळाले. थवा आणि मोकळी जागा दोन्ही लागत असल्याने पन्नास लिटरमध्ये मी तो ठेवणार नाही.

अंगावर गुलाबी किंवा हिरव्या रंगाची रेघ असलेला पारदर्शक मासा दाखवला, तर तो घेऊ नये. तो बहुधा निराळा ग्लासफिश असतो आणि तो रंग सुईने टोचून भरलेला असतो.

धागाकर्ता

मग कूली आणि गुरामी असे ठरवतो. गप्पी खाद्यावर तुटून पडतात, त्यातून कूलींपर्यंत काही पोहोचेल का?

प्रतिसाद १

शांत माशांच्या टाकीत मारामारीपेक्षा उपासमारीचीच भीती अधिक असते. गप्पींना संध्याकाळी दिवा चालू असताना वर तरंगणारे खाद्य द्यावे, आणि दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने बुडणाऱ्या गोळ्या किंवा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) दोन ठिकाणी सोडावेत. गुरामीचे तोंड लहान असते, त्यामुळे त्याला खाद्य चुरून द्यावे लागेल.

खडी काढून वाळू घालाल त्या आठवड्यात फिल्टरच्या स्पंजला हात लावू नये. खडीबरोबर माशांची घाण पचवणारे काही उपयुक्त जिवाणू जातातच. स्पंजातलेही गेले तर त्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढेल. एरवीसुद्धा स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. आधी कूली आणावेत, तीन-चार आठवड्यांनी पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि त्यापासून बनणारे, तितकेच घातक नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की गुरामी. कूलीला जाळीने पकडू नये. त्याच्या डोळ्याखालचा काटा जाळीत अडकतो. काचेचा पेला आडवा धरून हळूच हाकलावा. औषध घालायची वेळ आली, तर मात्रा निम्म्याने सुरू करावी, कारण याचे खवले अगदी नाममात्र असतात.

धागाकर्ता

आज चार सेंटिमीटर थर होईल इतकी वाळू धुवायला घेतली. सातव्या बादलीलाही पाणी गढूळच येत आहे. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बसवला आहे. कूली आणले की इथेच कळवतो.