बॅलार्ड पिअरचं ‘हरवलेलं वैभव’? जरा थांबा!

गोदीचा_नातू: काल इथे कुणीतरी मुंबई बंदराच्या धक्क्यावरच्या जुन्या बॅलार्ड पिअर मोल स्टेशनवर कढ काढलेत. ‘पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटीतून उतरा, समोर मेल गाडी उभी, थेट पेशावर! ते वैभव पुन्हा उभारा.’ वाचून डोकं फिरलं. बंदर चालवणाऱ्या पोर्ट ट्रस्टची रेल्वे १ जानेवारी १९१५ ला सुरू झाली, ती काय साहेबाच्या ट्रंका वाहायला? बॅलार्ड पिअर ते वडाळा हा मार्ग मालाचा. कापूस, धान्य, कोळसा. कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीला हलला तो याच रुळांच्या जिवावर, म्हणून तर कॉटन ग्रीन हे नाव तिकडे गेलं. माझे आजोबा गोदीत होते. गाठी ओढायच्या हुकाचा घट्टा त्यांच्या तळहाताला पडला होता, तो रिटायर झाल्यावरही गेला नाही. तो हुक पुढे वीस वर्षं आमच्या मोरीत खिळ्याला लटकत होता. मेलच्या डब्यातल्या पंख्यांचं मला काय कौतुक?

रुळवेडा: कढ मीच काढले होते, नमस्कार. मालगाड्या नव्हत्या असं कुठे म्हटलंय मी? आणि धक्का फक्त साहेबाचा नव्हता. गोलमेज परिषदेहून गांधीजी २८ डिसेंबर १९३१ ला परतले ते बॅलार्ड पिअरलाच.

गोदीचा_नातू: उतरले, आणि मणिभवनात गेले. आठवड्याभरात अटकही झाली. तुमच्या मेलमध्ये बसले नाहीत ते.

कुलाबकर: एक दुरुस्ती. पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल १९२८ मध्ये सुरू झाली तेव्हा बीबीसीआयचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीचं, टर्मिनस कुलाबा होतं. बॅलार्ड पिअरवरून ती सुटायची बोटींच्या हंगामापुरती. १९३० च्या शेवटी कुलाबा स्टेशन बंद केलं, मुंबई सेंट्रल आलं, आणि आता तिथे बधवार पार्क. त्यावर कुणी धागा काढतं का? नाही. आमचं स्टेशन गेलं ते गेलंच.

रुळवेडा: अहो, दर धाग्यात कुलाबा!

माझगाव_जुनं: आणि १४ एप्रिल १९४४ कुणालाच आठवत नाही? व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन ही बोट फुटली. एकाच जहाजात दारूगोळा आणि कापूस, वर सोन्याच्या विटा. ६६ अग्निशमन जवान गेले. एक वीट आमच्या आजोबांच्या चाळीच्या गच्चीवर पडली होती.

कुलाबकर: पडणारच. माझगावात ज्यांच्या गच्चीवर वीट पडली नाही असे आजोबा मला अजून भेटायचेत.

माझगाव_जुनं: थट्टा नको. आजोबांनी ती पोलिसांना दिली.

रुळवेडा: माझ्या मामेआजोबांनीही दिली म्हणे. एकूण विटा होत्या १२४, एकेक पावणेतेरा किलोच्या आसपास. मी आजवर ऐकलेल्या आजोबांची बेरीज केली तर दोन जहाजं लागतील.

माझगाव_जुनं: तुमच्या मामेआजोबांना खोटं म्हणा, माझ्या नको. त्या दिवशी आमच्या घरातली दोन माणसं परत आली नाहीत.

कुलाबकर: …माफ करा. ते माहीत नव्हतं.

गोदीचा_नातू: आता मूळ मुद्द्यावर या. स्टेशन उभारायचं तर वडाळ्याच्या यार्डाचं काय? पूर्व मुक्त मार्गावरून गाडी हाणताना खाली बघितलंय कधी? गोदामं आणि गवतात गेलेले रूळ. तिथे कुणी पाटीसुद्धा लावत नाही. पण मेलच्या फोटोखाली शंभर बदाम.

रुळवेडा: बरं बाबा, मान्य. माझ्या पोस्टमध्ये मालगाडी एका ओळीत उरकली होती. त्याही ओळीत ‘इत्यादी’ होतं.

गोदीचा_नातू: ‘इत्यादी’त माझे आजोबा होते. आभार.

रुळवेडा: टोमणा पोचला. तो हुक आहे का अजून? फोटो टाका, पोस्टच्या वर लावतो, मेलच्या जागी.

गोदीचा_नातू: घर बदललं तेव्हा आईने भंगारात दिला.